आधी माझं ताट

लखनौच्या चारबाग स्टेशनवर तेव्हा रंगीत दिव्यांचं वजनाचं यंत्र होतं. धाकट्या बहिणीला साताऱ्याला परत पाठवायला आम्ही गेलो होतो. गाडी दोन तास लेट, आणि माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला त्या यंत्रावर उभं राहायची हौस आली. ती उभी राहिली, मग बहीण, मग दोघींनी मिळून मला ढकललं. दिवे लुकलुकले, चाक गरगरलं आणि पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडलं. ब्याऐंशी किलो. पाच फूट एक इंच उंचीला ब्याऐंशी! तिकिटाच्या मागे हिंदीत भविष्य छापलेलं होतं, की तुम्ही दुसऱ्यांच्या सुखात सुख मानता. लेक खिदळली. बहीण मात्र हसली नाही. गाडीत बसताना माझा हात घट्ट धरून म्हणाली, "ताई, रक्त तपासून घे. आईचं विसरलीस का?"

विसरते कशी! आमच्या आईला साखरेनं खाल्लं. आधी पायाचा अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा सगळा पाय. चोपन्नाव्या वर्षी ती गेली, आणि शेवटची दोन वर्षं ती पलंगावर बसून आम्हाला "जेवलीस का गं" एवढंच विचारायची. स्टेशनवरच्या त्या दिवशी मी एकोणचाळीस वर्षांची होते. हिशेब करायला काही पाटी-पेन्सिल लागत नव्हती. मी घाबरले, चांगलीच घाबरले.

नवरा इथल्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ. त्यांच्या नोकरीपायी आम्ही लखनौला आलो आणि विकास नगरमध्ये भाड्याच्या घरात राहिलो. घरात आम्ही दोघं, लेक आणि सासूबाई. घरात मराठी बोलायचं असा माझा दंडक होता, पण लेक मराठीतलं सगळं ऐकून हिंदीत उत्तर द्यायची. तिच्या नादानं माझ्याही तोंडात "सब्जी" आणि "अच्छा" बसले होते.

कोपऱ्यावर औषधांच्या दुकानाच्या वर एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. पिकलेल्या केसांच्या, अस्सल लखनवी, रागावल्या तरी "आप" सोडणार नाहीत अशा. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाल्या, "अभी आप किनारे पर हैं. दिवाली के बाद फिर जाँच करेंगे. तब तक वज़न उतरा तो बहुत अच्छा, नहीं तो गोलियाँ शुरू, और फिर ज़िंदगीभर." तो जुलै महिना होता. माझ्या हातात चारेक महिने होते.

आता मी पडले मराठी बाई. वजन कमी करायचं म्हटल्यावर मला दुसरं काय सुचणार? उपास! सोमवार, गुरुवार, शनिवार असे तीन वार धरले, वर चतुर्थी आणि एकादशी. श्रावण तोंडावर आलेलाच होता, म्हणजे देवही खूश आणि डॉक्टरही खूश. सासूबाईंना तर माझं कोण कौतुक! सकाळी साबुदाण्याची खिचडी, तुपातली, दाण्याचं कूट सढळ हातानं. दुपारी बटाट्याचा कीस, नाहीतर उकडलेलं रताळं. चार वाजता शेंगदाण्याचा लाडू, कारण उपासानं चक्कर येते. आणि रात्री उपास सोडायला गरम वरणभात. महिनाभर मी हे इतक्या निष्ठेनं केलं, की कुणी मेडल दिलं असतं तर मी ते घेतलं असतं.

महिन्यानं दवाखान्यातल्या काट्यावर उभी राहिले. साडेत्र्याऐंशी!

"व्रत में क्या-क्या लेती हैं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मी मोठ्या अभिमानानं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बेटा, ये व्रत है कि दावत?"

माझी लेक शेजारच्या खुर्चीवर तोंड दाबून हसायला लागली. मला असा राग आला! पण डॉक्टरीणबाई हसत नव्हत्या. त्यांनी विचारलं, "और जिस दिन व्रत नहीं होता, उस दिन खाना कितने बजे खाती हैं? थाली में क्या-क्या होता है?"

सांगू काय? मला खरंच आठवेना. कितीला जेवते मी? ताट कुठलं घेते? तेवढ्यात लेक अगदी सहज बोलून गेली, "मम्मी खाना खाती नहीं हैं. मम्मी तो बस ख़त्म करती हैं."

पोरगी शब्दन् शब्द खरं बोलली होती. आमच्या घरी नवरा साडेआठला लॅबमधून यायचे. मग पानं घ्यायची, आणि तव्यावरची पोळी थेट त्यांच्या ताटात. सासूबाई लेकासाठी थांबायच्या, नात बापासाठी थांबायची, आणि मी ओट्याशी उभी. सगळे उठले की मग माझं सुरू. लेकीनं टाकलेली अर्धी पोळी, पातेल्याच्या तळाची आमटी, करपलेला भाताचा थर, आणि उद्यावर कुठे ठेवायची म्हणून वाटीभर भाजी. उभ्या उभ्या, पातेल्यातूनच. शिवाय सहा वाजल्यापासून पोटात कावळे ओरडायचे म्हणून येता-जाता मूठभर शेव, मूठभर फुटाणे. सोळा वर्षांच्या संसारात पाहुणी म्हणून गेले असेन तेव्हाचं सोडून, मी स्वतःसाठी ताट वाढून घेतलंच नव्हतं. माझी आईही अशीच जेवायची. आम्ही त्याला तिची माया म्हणायचो. माया कसली डोंबलाची! मी घराची शिळ्याची टोपली झाले होते, आणि ते मला या पोरीनं सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसात वाजता मी एक ताट घेतलं. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर वरण, काकडी, ताक. टेबलाशी खुर्ची ओढली आणि बसले. सासूबाई बाहेर दूरदर्शन बघत होत्या, त्या आत आल्या आणि दारातच थबकल्या.

"बरं नाही का गं?"

"चांगली आहे की. जेवतेय."

"तो यायचाय अजून!"

"येतील ना. त्यांच्या पोळ्या डब्यात करून ठेवल्यात."

साडेआठला नवरा आले. "तू जेवलीस?" हे त्यांनी अशा आवाजात विचारलं, की जणू मी त्यांना न विचारता स्कूटर विकली होती. डब्यातली पोळी त्यांनी दोनदा उलटून बघितली. माणूस वाईट नाही हो, पण आयुष्यात कधी थेट तव्यावरून न आलेली पोळी खाल्लेलीच नाही, तर करणार काय? सासूबाईंनी मात्र अबोला धरला. घरात चार माणसं, आणि निरोप लेकीमार्फत. "तुझ्या आईला म्हणावं, आमच्यात असलं कधी झालं नाही." लेक बिचारी इमानेइतबारे माझ्याकडे वळून म्हणायची, "दादी कह रही हैं, ऐसा कभी नहीं हुआ."

आठवड्याभरानं त्यांचा अबोला त्यांनाच सोसेना. एकदा वाटी घेऊन आल्या. "एवढीशी आमटी राहिलीय. टाकवत नाही. संपवून टाक."

"तुम्ही घेता का, आई?"

"छे! मला कुठे जातेय आता. पोट भरलं माझं."

"माझंही भरलंय."

वाटी झाकून फ्रिजमध्ये गेली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी आमटीच कमी करायला लागले. सोळा वर्षं मला ही अक्कल सुचली नव्हती!

सकाळी चालायलाही सुरुवात केली. साडी, वरती नवऱ्याची जुनी विंडचीटर आणि पायात लेकीचे शाळेचे पीटी शूज. आमच्या कॉलनीत बाई तरातरा चालली की काहीतरी घडलंय असंच लोक समजायचे. "भाभीजी, सब ख़ैरियत?" दूधवाला, पेपरवाला, गेटवर दात घासणारे शेजारी, सगळ्यांची एकच काळजी. एका सद्‌गृहस्थांनी तर स्कूटर थांबवली. "बैठिए, छोड़ देते हैं. कहाँ जाना है?" मी म्हटलं, "कहीं नहीं." ते इतके अवघडले, की बराच वेळ स्कूटर माझ्या चालीनं चालवत माझ्या सोबत आले. लखनौच्या माणसाला बाईला रस्त्यात सोडून जाणं जमत नाही. दुसऱ्या दिवशीपासून मीच त्यांना लांबून हात दाखवून पिटाळायचे.

महिन्याभरात चार किलो उतरले. साडीच्या निऱ्या जास्त यायला लागल्या. मला तर आरशासमोरून हलवेना.

मग आले गणपती. लखनौतली मराठी मंडळी, म्हणजे फौजेतली, एअरफोर्समधली, संस्थांमधली, एका हॉलमध्ये उत्सव करायची आणि एक दिवस महाप्रसाद असायचा. पुरुष आणि मुलं पहिल्या पंगतीला, मग पाहुणे, मग उरलेले. आम्ही बायका तीन वाजेपर्यंत बादल्या घेऊन वाढायचो आणि मग मोडक्या भज्यांवर आणि गार मसालेभातावर बसायचो. त्या वर्षी सकाळी सातपासून मी तिथे राबले. कोशिंबिरीच्या काकड्या चोचवल्या, भाताला फोडणी दिली. साडेबारा झाले, पहिली पंगत बसली. मी हात धुतले, पदर नीट केला आणि पंगतीच्या टोकाला, एका पानावर जाऊन बसले.

हॉलमध्ये कुजबूज झाली. एका फौजी अधिकाऱ्याची बायको वरणाची बादली घेऊन आली आणि माझ्यासमोर थांबली. "अगं, तू इथे?"

"हो. वाढ. आणि पुढच्या पंगतीला तू बस, मी वाढते."

तिनं वाढलं. आणि पुढच्या पंगतीला बसलीही! तिच्या मागे आणखी दोघी बसल्या. मी त्यांना आग्रह करकरून जिलबी वाढली.

घरी आल्यावर सासूबाईंचा तिळपापड झालेला. "चारचौघांत माझी मान खाली घालायला लावलीस."

मीही तापलेच. "आई, चारचौघांत माझ्या आईची मान कधी खाली गेली नाही. पाय गेला."

बोलल्यावर मला वाईट वाटलं. त्या आतल्या खोलीत गेल्या. मी माफी मागणार होते, पण शब्द परत घ्यावासा वाटेना, कारण तो खोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी साडेसातला मी ताट घेऊन बसले, तर समोरची खुर्ची सरकली. सासूबाई. भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मला नुसतं ताक दे. भूक नाहीये." मी ताक दिलं. चार दिवसांनी ताकाबरोबर अर्धी पोळी आली, मग भाजी. सदुसष्ट वर्षांची बाई सहा वाजल्यापासून भुकेजून बसते आणि लेकाच्या स्कूटरच्या आवाजाकडे कान लावते, हे मीही कुठे बघितलं होतं? तिच्याही पोटात कावळे असतील हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं, याची मला लाज वाटली. मी नुसती वाढत राहिले. बोलले असते तर त्या उठून गेल्या असत्या.

दिवाळीला फराळ केला, रोज एक चकली आणि एक लाडू हक्कानं खाल्ला. भाऊबीज झाल्यावर रक्त दिलं. दोन दिवस जीव टांगणीला लागलेला. डॉक्टरीणबाईंनी आधी मला काट्यावर उभं केलं. पंच्याहत्तर. मग रिपोर्ट उघडला, दोनदा वाचला आणि उठून माझे दोन्ही हात धरले. "मुबारक हो! किनारा पीछे छूट गया." गोळी नाही, काही नाही. मी तिथेच रडले. मग जिना उतरताना मोठ्यांदा हसले. खाली रिक्षावाला उभा होता, त्यालाच सांगितलं, "भैया, मेरी शुगर नॉर्मल आ गई!" तो म्हणाला, "वाह, बहनजी! तो मुँह मीठा कराइए!" मी रिक्षा केलीच नाही. घरापर्यंत चालत आले, आणि असं वाटत होतं की आणखी चार सेक्टर ओलांडून जावं.

फोनवर कळवलं होतं, म्हणून त्या दिवशी नवरा लवकर घरी आले. साडेसातच वाजले होते. मी, लेक आणि सासूबाई नुकत्याच जेवायला बसलो होतो. त्यांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांचे डोळे भरून आले. "जिंकलीस गं तू!" म्हणाले. मला इतकं बरं वाटलं! मग हात धुऊन, खुर्ची ओढून, अगदी मनापासून आनंदानं म्हणाले, "चला, सुटलो एकदाचे. आता पथ्य संपलं. आजपासून आपलं पूर्वीसारखं. ऊठ, मस्त दोन गरम पोळ्या टाक बघू."

चार महिने हा माणूस काय समजत होता? हे औषध होतं, बरं वाटलं की बंद करायचं? मी तोंडातला घास गिळायला लागले.

सासूबाईंनी पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि मान वर न करता लेकाला म्हणाल्या, "डब्यात आहेत. घे हातानं. आम्ही जेवतोय."