तळघरातली पित्त प्रकृती

आपली प्रकृती पित्ताची आहे हे कडक काकूंना वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी कळलं, आणि तेही मालकाच्या खर्चाने. त्याआधी तीस वर्षं त्यांना वाटायचं, गरम होतं कारण इथे गरम आहे.

काकू एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करतात. कपड्यांना घालायची खळ असो की बोलणं, दोन्ही कडक, म्हणून हे नाव. हॉटेलच्या सातव्या मजल्यावर आयुर्वेदाचं केंद्र आहे. लांबलांबून माणसं येतात, वात-पित्त-कफ तपासून घेतात, अंगावर तेलाची धार सोडून घेतात आणि हलकी होऊन जातात. त्यांचं तेल उतरतं ते खाली तळघरात. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे, सगळं तेलाने थबथबलेलं. डाग बघून काकू सांगतात, "ही डोक्याची धार घेतलेली उशी. हा पाठीचा मसाज. आणि हा बाबा तेल लावून तसाच बिछान्यात पडला, अंघोळ नाही काही नाही." ते तेल उकळत्या पाण्यात दोनदा काढायचं, मग ओली चादर तापलेल्या रोलरमधून घालायची. एका बाजूने एक बाई कापड सरळ धरून आत सोडते, दुसऱ्या बाजूने दुसरी ओढून घेते. मध्ये वाफ. सरळ सोडणारी बाई म्हणजे काकू. त्यांच्या मनगटांवर जुन्या भाजल्याच्या खुणा आहेत, चुकून दोन बांगड्या जास्त घातल्यासारख्या.

अशा ठिकाणी एका सकाळी आरोग्य सप्ताह अवतरला. मॅनेजरसाहेबांच्या मनात आलं, पाहुण्यांना जे देतो ते कामगारांनाही द्यावं. (पगार नव्हे. सल्ला.) सातव्या मजल्यावरचे वैद्य जिना उतरून खाली आले. तरुण, सभ्य माणूस. स्टुलावर बसून एकेकीची नाडी पाहायचे आणि कागदावर खुणा करायचे.

"घाम जास्त येतो?"

"डॉक्टर, इथे भिंतीलासुद्धा येतो," काकू म्हणाल्या.

"छातीत, पोटात जळजळ?"

"जेवायला साडेतीनला सोडतात तेव्हा होते."

"राग लवकर येतो का?"

"आत्तापर्यंत नव्हता आला."

बायका खिदळल्या, वैद्यही हसले, आणि खूण केली. पित्त. काकूंना पथ्याचा एक तक्ता मिळाला, गुळगुळीत कागदाचा, खाली वैद्यांची सही आणि हॉटेलचा शिक्का. उष्ण जागी फार वेळ थांबू नये. दुपारचं जेवण वेळेवर, बसून, घाई न करता घ्यावं. भरपूर पाणी प्यावं. मलमूत्राचा वेग रोखू नये. राग टाळावा. मॅनेजरांनी मध्ये उभं राहून तक्त्यासोबत सगळ्यांचा फोटो काढून घेतला आणि वर लॉबीत लावला.

काकू सांगत होत्या, तेव्हा इथवर मला हसू येत होतं. पुढचं ऐकलं तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली. दोन आठवड्यांनी रोलरजवळची एक पोरसवदा बाई चक्कर येऊन पडली. लॉन्ड्रीच्या वहीत कारणाच्या रकान्यात सुपरवायझरने काय लिहावं? 'प्रकृतिदोष. पथ्य पाळत नाही.' म्हणजे वाफ तुमची, बंद दार तुमचं, आणि दोष तिच्या जन्माचा! हजारो वर्षं जुनं शास्त्र. माणसाने आपलं शरीर ओळखून नीट जगावं म्हणून कुणी आयुष्य खर्चून लिहिलेलं. आणि यांनी त्याचं काय केलं, तर हात पुसायचं फडकं. कुणी तक्रार केली की सुपरवायझर म्हणायचा, "काकू, पित्त वाढलं वाटतं तुमचं?"

"वाढलंय," काकू म्हणायच्या. "लांब उभा राहा, अंगावर उडेल."

आता बिल्ल्याचं सांगते. लॉन्ड्रीत अठ्ठावीस बायका आणि खिळ्याला टांगलेला एक पितळी बिल्ला. तो गळ्यात घालूनच संडासला जायचं. बिल्ला जागेवर नसेल तर थांबायचं. कामाच्या एका पाळीत दोनदा, त्याहून जास्त नाही. मग बायकांनी काय करावं? पाणीच प्यायच्या नाहीत. काकू तीस वर्षं पाळीत एक पेला पाण्यावर राहिल्या, तेही तोंड ओलं करण्यापुरतं. एक दिवस कमरेतून कळ आली ती उभं राहू देईना. लेक सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मूतखडा. डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर पाणी सांगितलं.

"तीन लिटर प्यायचं तर ते जाणार कुठे?" काकूंनी लेकीला विचारलं.

"आई, जायचं. उठायचं आणि जायचं."

"आणि बिल्ला?"

"तो काय लग्नात मिळालाय का मंगळसूत्र म्हणून? ठेव तिथेच."

काकूंनी तसंच केलं. बाटली भरून नेली, प्यायल्या, उठल्या, गेल्या. त्या आठवड्यात दोन मेमो मिळाले: विनापरवाना यंत्र सोडणे. तिसरा मेमो म्हणजे नोकरी गेली, हे तिथे सगळ्यांना पाठ आहे. तो पुढच्या मंगळवारी आला आणि गुरुवारी मॅनेजरांच्या केबिनमध्ये चौकशी लागली. काकूंच्या घरात दुसरी मिळकत नाही, लेक अजून शिकते. कामगाराला सोबत एक माणूस नेता येतो म्हणून संघटनेतर्फे मी गेले. मी चांगली चार पानं लिहून नेली होती. काकूंनी पिशवीतून फक्त तक्ता काढला.

"हा तुमचा शिक्का ना, साहेब? मी पथ्य पाळत होते."

मॅनेजरांनी तक्ता उलटसुलट केला. "हे सर्वसाधारण मार्गदर्शन आहे. कामाच्या वेळेला लागू नाही."

"कामाच्या वेळी मी माझी प्रकृती घरी ठेवून येऊ का?"

सही वैद्यांची, म्हणून त्यांना बोलावलं. ते दारात अवघडून उभे राहिले. काकूंनी विचारलं, "डॉक्टर, वरच्या एखाद्या बाई तेलधारेच्या मध्येच उठून बाथरूमला गेल्या, तर त्यांना मेमो देता?"

"नाही... छे."

मॅनेजर घाईने म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही फक्त पित्तवाल्यांसाठी लिहिलंय ना हे?"

त्या माणसाची नोकरीही तिथलीच. हो म्हणाला असता तर कुणाला कळलं असतं? तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "नाही सर. वेग कुणीच रोखू नये. प्रकृती कुठलीही असो. रोखल्यानेच रोग होतात, हे पहिल्या वर्षाला शिकवतात."

मॅनेजर हुशार. त्यांनी लगेच टाइप करणाऱ्याला बोलावून कागद तयार करवला. काकूंचे तिन्ही मेमो रद्द, 'पित्त प्रकृतीच्या वैद्यकीय कारणास्तव' त्यांना एकटीला बिल्ल्यातून सवलत. सही केली की सुटल्या. खरं सांगते, मी टेबलाखालून काकूंना कोपर मारलं, करा सही म्हणून. मला माझ्या त्या कोपराची लाज वाटते.

काकूंनी पेन घेतलं नाही. "मग बाकी सत्तावीस जणींची नाडी परत बघा. सगळ्या पित्ताच्या निघतील. नाहीतर मीच पाठवते वर, ओल्या एप्रनमध्ये, एकीमागे एक. पाहुण्यांच्या गालिच्यावर उभ्या राहतील रांगेत."

"तुम्ही धमकी देताय?"

"नाही हो. पथ्य विचारायला येतील बिचाऱ्या. फोटोतही तुमच्या शेजारीच आहेत त्या."

मॅनेजरांनी वैद्यांकडे पाहिलं. वैद्यांनी या वेळी मान खाली घातली नाही. दुसरा कागद टाइप झाला: काकूंचे मेमो रद्द, आणि विशेष सवलत म्हणून लॉन्ड्रीतला बिल्ला आजपासून बंद. काकूंनी सगळं वाचलं आणि बोट ठेवलं. "ही 'सवलत' राहिलीय इथे. ती काढा. सवलत कसली? मूत माझं आहे."

माणसाला लघवीला जायचं म्हणून वैद्य लागला, चौकशी लागली, शास्त्राचा आधार लागला, आणि एवढं होऊनही त्यांना ती भीक म्हणूनच वाढायची होती! सवलत खोडली गेली. काकूंनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं आणि पदर सावरत उठल्या.

"कुठे निघालात? सही?" मॅनेजर म्हणाले.

"आलेच जाऊन. तुमचं इथलं जवळ पडेल."

त्या साहेबांच्या बाथरूमचं दार उघडून आत गेल्या. आतून कडी लागली. मॅनेजर, वैद्य, टाइप करणारा आणि मी, आम्ही चौघे थांबून राहिलो. मॅनेजरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. काकूंनी अजिबात घाई केली नाही.