जमिनीवरचे दोन थेंब

नाशिकजवळच्या एका छोट्या वायनरीत मालकीणबाईंनी माझ्यासमोर झिनफँडेल या लाल वाइनचा ग्लास ठेवला. "ताई, आधी नुसता वास घ्या. मग घोट तोंडात घोळवा. नको वाटलं तर या भांड्यात थुंका."

पिकलेल्या जांभळांचा, किंचित मिऱ्यांचा वास आला, आणि त्यामागून तो दुसरा, जुना. माणसं जातात, घरं बदलतात, पण वास आपल्याला बरोबर शोधून काढतो. बाबा बाटली उघडायचे तेव्हा आम्ही भावंडं स्वयंपाकघरात श्वास रोखून बसायचो. पहिल्या घोटाआधी ते बोट बुडवून दोन थेंब जमिनीवर शिंपडायचे, जणू देवाला आधीच गप्प करायचे. पुढची संध्याकाळ कशी जाईल, ते कुणालाच ठाऊक नसायचं. म्हणून मी आजवर थेंबाला शिवले नव्हते. पण ही वाइन किती सभ्य दिसते! थुंकायला भांडंही आहे, घाबरायचं कशाला, असं मनाला समजावत मी ग्लास उचलला.

"अय्या, हे कुणी शिकवलं तुम्हाला?" मालकीणबाई हसल्या. "आमचे सासरेही अस्संच करायचे."

मी खाली पाहिलं. पांढऱ्या फरशीवर दोन लाल थेंब होते, आणि माझं बोट ओलं होतं.