बरोबर आलेलं सिलिकॉन

त्याला सगळे सांडलवंड म्हणत. नाव भट्टीवाल्या सरांनी ठेवलं होतं आणि त्याने ते रीतसर कमावलं होतं. त्याचे हात जन्मापासून थरथरत. फार नाही, उभ्या स्कूटरचं इंजिन चालू असावं इतकेच. पण तळघरातल्या प्रयोगशाळेत धातू वितळवायची लालबुंद मूस चिमट्याने भट्टीबाहेर काढावी लागते, तिथे तेवढं पुरतं. पहिली मूस फुटली तेव्हा सरांनी नवी मागवली. दुसरी फुटली तेव्हा म्हणाले, "या खोलीत एक तर तू राहशील, नाही तर सामान."

सामान राहिलं. सांडलवंड जिना चढून बाईंच्या गटात आला. बाई पदार्थांचा अभ्यास संगणकावर करत. तिथे भट्टी नव्हती, चिमटा नव्हता. खोलीत शवागारासारखी थंडी असे आणि पडद्यावर कर्सर एकट्या डोळ्यासारखा मिटत-उघडत असे. इथे हातातून अणू पडले तरी आवाज होत नाही, हे कळल्यावर त्याला आयुष्यात प्रथमच हलकं वाटलं.

बाईंनी त्याला एका सहामाहीपुरतं घेतलं होतं. शेवटच्या शुक्रवारी सगळ्या गटांसमोर उभं राहून आपलं काम सांगायचं, आणि मग ठरणार, वर राहायचं की परत तळघरात. तिसरा मजला नव्हता.

तो आत्याकडे राहायचा, तिच्या लाँड्रीच्या वरच्या खोलीत. जमीन खालच्या वाफेने कायम कोमट. आत्याने गाजावाजा न करता त्याचे कप प्लास्टिकचे केले होते. लहानपणापासून घराने त्याला एकच धडा दिला होता: जे उभं आहे त्याला हात लावू नकोस.

"दिवसभर करतोस तरी काय रे?" आतोबांनी एकदा इस्त्री फिरवता फिरवता विचारलं.

"वाट बघतो. मोठ्या संगणकावर माझं काम रांगेत असतं."

"मग इथे कशाला बसलायस? जाऊन उभा राहा की! कोणी मधे घुसलं म्हणजे?"

"आणि नंबर लागला की?" आत्याने विचारलं.

मग त्याने तिला घनतेचा सिद्धांत सांगितला. एका खड्यात इलेक्ट्रॉन इतके, की एकेकाची चौकशी करायला गेलं तर जगातले सगळे संगणक हात टेकतील. म्हणून कोण कुठे आहे ते विचारायचंच नाही. गर्दी कुठे दाट, कुठे विरळ, एवढंच बघायचं. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

"म्हणजे गिऱ्हाईक कोण ते सोडायचं, गठ्ठा केवढा ते बघायचं," आत्या म्हणाली.

"तसंच काहीसं."

"मग यात शिकायचं काय, राजा?"

शिकायचं खूप होतं. नवख्याला देतात तसं बाईंनी त्याला सिलिकॉन दिलं होतं. त्यातल्या इलेक्ट्रॉनला खालच्या मजल्यावरून वरच्या मजल्यावर जायला मधली फट ओलांडावी लागते. ती फट केवढी, ते काढायचं. त्यासाठी बिंदूंची एक जाळी टाकायची आणि प्रत्येक बिंदूवर दोन्ही मजल्यांची उंची मोजायची. या धंद्याचा नियम असा, की जाळी बारीक, आणखी बारीक करत जायचं, आकडा हलायचा थांबेपर्यंत.

सांडलवंडने जाडीभरडी जाळी टाकली. आकडा आला १.१. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात, लोकांनी प्रत्यक्ष मोजलेला आकडाही १.१. तो पडद्याकडे बघत राहिला. आयुष्यात काहीतरी पहिल्या फटक्यात उभं राहिलं होतं. जाळी बारीक करायची सोडून त्याने हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

शुक्रवारी त्याने तो आकडा भिंतभर दाखवला.

मागच्या रांगेतून भट्टीवाले सर उठले. "वा! इतकी वर्षं या मजल्यावरून मी मोजलेल्याच्या निम्मा आकडा यायचा. आज पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं. बाई, हा मुलगा मला परत द्या."

"सर, पण सामान..." सांडलवंड घाबरून म्हणाला.

"फुटू दे रे. सामान येतं बाजारात."

बाईंनी चष्मा काढला. "तपासलंस कसं?"

"पुस्तकाशी ताडून, मॅडम. तंतोतंत जुळलं."

"आणि जुळल्यावर?"

"मग हात नाही लावला."

बाईंनी चष्मा परत चढवला. "घेऊन जा, सर. पुढचा कोण?"

तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड उघडंच होतं. मागोमाग गटातली थोरली आली, जिला सगळे ताई म्हणत आणि टरकून असत.

"ताई, बरोबर आलं तरी काढलं मला!"

"बरोबर आलं म्हणूनच काढलं, शहाण्या. आपण वापरतो ती पद्धत सोयीसाठी एक गोष्ट ढोबळ धरते. म्हणून सिलिकॉनची फट जवळजवळ निम्मीच येते. शेंबड्या पोराला माहीत आहे हे."

"मला नव्हतं माहीत."

"पुस्तक कुठवर वाचलंस?"

"चौथ्या प्रकरणापर्यंत."

"पाचव्यात आहे."

"मग माझं बरोबर कसं आलं?"

"घोडचूक केल्याशिवाय इतकं बरोबर येत नाही. शोध. सभा संपली की बाई तुझ्या कागदावर सही करतात, मग तू गेलास तळघरात."

संगणकावर रांग होती आणि रांगेत पुढे ताईचीच कामं होती. तिने त्यातलं एक अर्धवट झालेलं काम मारून टाकलं आणि नंबर त्याला दिला. "पोरासारखं वाढवलं होतं मेलं," ती म्हणाली. "बस इथे. बघतोस काय?"

थरथरत्या बोटांखाली प्रत्येक कळ दोनदा दाबली जात होती. तो खोडून पुन्हा लिहीत होता. जाळी बारीक केली, आकडा ०.८ वर घसरला. आणखी बारीक केली, ०.६. आणखी बारीक. ०.६. मग आणखी. आकडा आता दगडासारखा बसला होता.

दार ढकलून तो आत घुसला तेव्हा कोणीतरी तांब्याबद्दल बोलत होतं.

"मॅडम, चुकलं! निम्मं आलं!"

त्या इमारतीत इतक्या आनंदाने कोणी चूक आणली नव्हती.

"आकडा चांगला होता की रे," भट्टीवाले सर कळवळून म्हणाले. "कशाला हात लावलास?"

बाईंनी खडू पुढे केला. त्याने फळ्यावर इलेक्ट्रॉनच्या वरच्या मजल्याची जमीन काढली. ती थरथरली, पण कळण्याजोगी होती. "ही सपाट नाही. इथे खड्डा आहे. माझे बिंदू इतके लांब लांब होते, की खड्ड्यात एकही पडला नाही, सगळे काठावर बसले. मी काठालाच तळ समजलो आणि फट मोठी दिसली. पद्धतीने कमी केलं, जाळीने वाढवलं. दोन चुका एकमेकींच्या गळ्यात पडल्या, मॅडम, आणि मला वाटलं उत्तर आलं."

बाईंनी खडू परत घेतला. मग भट्टीवाल्या सरांना म्हणाल्या, "मुलगा राहू द्या."

"ठेवा. निम्म्या सिलिकॉनसकट ठेवा." सर सांडलवंडकडे वळले. "पण एक सांग. खऱ्या खड्यात फट १.१ आहे. मी स्वतः मोजली आहे. उरलेली अर्धी तुम्ही वरच्या मजल्यावर करता काय?"

"माहीत नाही, सर."

"बाई, याला माहीत नाही!"

"नसू दे. त्या अर्ध्यापायी लोकांनी जन्म घालवले आहेत. सोमवारपासून हाही घालवेल."

शिक्षा सुनावावी तसं त्या म्हणाल्या, आणि सांडलवंड निर्दोष सुटल्यासारखा हसला.