पाखरं उडवणारं पुस्तक

पिकत आलेल्या धानाचा वास आला की मला आमच्या शेतातलं मचाण आठवतं. चंद्रपूरकडच्या जंगलाला लागून असलेलं आमचं गाव, पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. शाळा सुटली की मचाणावर बसायचं, डबा बडवायचा आणि आरडाओरडा करून धानावरचे पोपट हाकलायचे, हे माझं काम. एकदा गुरुजींनी दिलेल्या राक्षसाच्या गोष्टीत मी अशी गुंगले, की पोपटांनी बांधाकडच्या लोंब्या फस्त केल्या. बाबा कडाडले, "उद्या पाखरं बसलेली दिसली, तर तुह्यं पुस्तक चुलीत घालतो!" दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊनच मचाणावर चढले आणि गोष्ट बोंबलून वाचू लागले. राक्षस हसला तिथे तर डबाही बडवला. थवेच्या थवे उडाले! खाली उभ्या असलेल्या बाबांना रागवायला जागाच उरली नाही. मग शेजारच्या शेतातली पोरं आपलं मचाण सोडून रोज आमच्या बांधावर येऊन बसू लागली आणि आमचे पोपट त्यांच्या धानात उतरले. त्यांचा बाप तणतणत आला, "भाऊ, तुमच्या पोरीचं वाचनं बंद करा! माहे पोट्टे गोष्ट ऐकून राह्यले न् पाखरं धान खाऊन राह्यले!" बाबा म्हणाले, "काऊन बंद करू? तुमीबी पोट्ट्यांले पुस्तक घेऊन द्या ना!" आता मी ऐंशीला टेकले, पण वाचनालयातली 'शांतता राखा' ही पाटी मी काही मानत नाही. तिच्याखालीच पोरं जमवते आणि खणखणीत आवाजात वाचते.