डोकी मोजणारे भावोजी

समुद्रकाठी होमस्टे चालवून पाहुण्यांना समुद्रात जाऊ न देणारा माणूस अख्ख्या रायगड जिल्ह्यात एकच निपजला, आणि तो नेमका माझ्या ताईच्या पदरात पडला. आमचे भावोजी! नागावला त्यांची नारळी-सुपारीची वाडी आणि वाडीत पाच खोल्या. पुण्या-मुंबईची माणसं आठवडाभर कष्ट उपसून शनिवारी लाटा अंगावर घ्यायला यायची, आणि भावोजी त्यांच्या हातात चहाच्या कपाबरोबर भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठेवायचे. "गुडघ्यापर्यंत जा. त्याच्यापुढं आपलं काय काम हाय?" असं ते इतक्या कळवळून विचारायचे की आपण काहीतरी गुन्हा करायला निघालोय असंच पाहुण्यांना वाटायचं. एवढ्यावरही भागत नसे. पाहुणे पाण्यात शिरले की हे लुंगी सावरत किनाऱ्यावर हजर, आणि डोकी मोजायला सुरुवात. एकदा अकरा पाहुण्यांतली दहाच डोकी भरली. भावोजींनी असा काही गलका केला की जीवरक्षक, बनाना राईडवाले, एवढंच काय, भेळवालासुद्धा कमरेइतक्या पाण्यात उतरला. अकरावे गृहस्थ तेव्हा ताईच्या स्वयंपाकघरात बसून सोलकढीची कृती लिहून घेत होते.

घरचीही हीच तऱ्हा. कोणी नाक्यावर मीठ आणायला गेला तरी "पोचलास की फोन कर." एकदा मुरुडला माझ्याकडे यायला निघाले आणि रेवदंड्याला एसटीतून उतरून माघारी गेले, कशासाठी, तर विहिरीवर झाकण घातलंय का ते बघायला. झाकण होतं. पुन्हा निघाले आणि पुन्हा उतरले, कारण झाकण बघायच्या नादात फाटक लावलं की नाही ते आठवेना! मी ह्या गोष्टी लग्नाकार्यांत साभिनय सांगायचो आणि लोक पोट धरून हसायचे. भावोजीही हसायचे. हसताना त्यांच्या तळहातांना घाम सुटलेला असे. मला तो दिसायचा, पण मी गोष्ट कधी थांबवली नाही. आता आठवलं की मेल्याहून मेल्यासारखं होतं.

हसणं बंद झालं ते भाचीमुळे. एकुलती एक पोर, कॉलेजसाठी पुण्याला गेली. दिवसाला वीस-वीस फोन. एकदा परीक्षा होती म्हणून तिनं दिवसभर फोन बंद ठेवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी तिच्या होस्टेलच्या दारात उभे, सोबत दोन पोलीस. पोर ओले केस पुसत बाहेर आली. खिडक्याखिडक्यांतून मुली बघत होत्या. "बाबा, मी जिवंत आहे. आता जा," एवढंच ती म्हणाली. त्यानंतर सहा वर्षं ती नागावला आली नाही. नोकरी तिकडेच धरली, लग्नही तिकडेच, चार माणसांत केलं. ताई गेली, मी गेलो. भावोजींना बोलावणं नव्हतं. त्यांच्या जागी मी उभा राहिलो.

लग्नाच्या त्या दिवसापासून भावोजींची छाती धडधडायला लागली, हातपाय गार पडायला लागले. हृदय तपासलं, कागद अगदी स्वच्छ आला. कुणी म्हणालं, नजर लागलीय, नारळ उतरवून टाका. वाडीतले नारळ संपत आले तरी धडधड काही उतरेना! शेवटी डॉक्टरांनीच त्यांना अलिबागच्या एका समुपदेशक बाईंकडे धाडलं. "मी काय वेडा न्हाय," असं वाटभर बजावत ते माझ्यामागे मोटरसायकलवर बसले. बाई निघाल्या भाचीच्याच वयाच्या. भावोजींनी खुर्चीत टेकायच्या आधी विचारलं, "बाय, तुला घरी पोचायला अंधार तर होत न्हाय ना?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, राखणीचा कुत्रा घरात असावाच. पण तुमचा पान हललं तरी भुंकतो. त्याला हाकलायचं नाही, शिकवायचं." शिकवणी अशी की पाहुणे पाण्यात गेले की भावोजींनी दहा मिनिटं घरात बसायचं, नुसतं. छाती धडधडेल, तर धडधडू द्यायची. श्वास सावकाश सोडायचा आणि ती आपली आपण उतरते का ते बघायचं. मग पंधरा मिनिटं, मग वीस. पहिल्या दिवशी भावोजींनी घड्याळ समोर ठेवून सुपारी सोलायला घेतली आणि दहा मिनिटांत अंगठा कापून घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नारळ काढायला आलेल्या पाडेल्याला माडाच्या शेंड्यावर चढवलं आणि खालून हाक दिली, "किती डोकी दिसतात रे?" पुढच्या खेपेला त्यांनी ते प्रामाणिकपणे कबूल केलं. बाई म्हणाल्या, "काका, माडावरून मोजलं तरी ते मोजणंच."

वर्ष गेलं. धडधड पुरती गेली असं नाही, पण ती आली तरी भावोजी तिच्यामागे धावत सुटत नाहीत. भाचीला आठवड्यातून एकच फोन, रविवारी, पाच मिनिटं. पहिल्या दोन रविवारी तिनं उचलला नाही. तिसऱ्या रविवारी तिनंच ताईला फोन करून घाबरीघुबरी होऊन विचारलं, "आई, बाबा आजारी आहेत का गं?"

ह्या दिवाळीत ती नवऱ्याला घेऊन आली. एकच दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना गाडी सुरू झाली तरी ती काच खाली करून बापाकडे बघत राहिली. ताई बघत होती, मीही. भावोजींनी फाटक दोन्ही हातांनी गच्च धरलं. "सावकाश जा," ते म्हणाले. नेहमीचं 'पोचलीस की फोन कर' नाही.

गाडी वळणाआड गेली आणि भावोजी तिथंच खाली बसून हमसून हमसून रडायला लागले. मी घाबरलो. "भावोजी, धडधडतंय का?"

"न्हाय रे. पोचेल ती नीट." त्यांनी लुंगीनं तोंड पुसलं. "ती भीती होती ना, तेव्हा तिच्यापुढं दुसरं काय दिसतच नव्हतं. आता सगळं दिसतंय. पोरीचं लग्न झालं आणि मी तिथं नव्हतो. फोटो बघितलेत मी, पण तू होतास तिथं." ते माझ्याकडे वळले. "कशी दिसत होती रे?"

मी त्यांच्याशेजारी मातीत बसलो आणि अगदी पहिल्यापासून सांगायला लागलो.