बांधावरचे तीन सापळे

आमच्या जनवाड्याच्या शिवारात तुरी फुलावर आल्या आणि शेजारच्या अण्णांनी आमच्या दोघांच्या सामाईक बांधावर तीन सापळे रोवले. काठीला प्लास्टिकची लांब पिशवी, वर टोपी, टोपीच्या आत रबराची बारकी गोळी. गोळीला मादी पाखराचा वास असतो, त्यानं नर येऊन पिशवीत पडतात. ह्याच पाखराच्या अळ्या तुरीच्या शेंगा पोखरतात.

"पाखरं किती पडायलेत बघायचं आन् मग फवारायचं," अण्णा म्हणाले. "हे पाखरू पार चीनपस्तोर हाय म्हणं, अक्का."

असेना का चीनपर्यंत, माझं काय जातंय! पण साऱ्या मुलखातली पाखरं वास दाखवून बोलवायची, ती माझ्याच तुरीजवळ? स्वतःच्या रानात मधोमध कामून न्हाई? एकटीनं शेती करायला लागल्यापासून कुणी गोड बोललं की मला आधी संशयच येतो.

दुसऱ्या दिवशी अण्णा बीदरला गेले, तशी मी तिन्ही गोळ्या काढून पदराला गाठ मारली आणि साळसूदासारखी घरी आले. दिवेलागणीला चार-पाच भुरी पाखरं माझ्या पदराला झोंबायला लागली. अगं बाई! म्हणजे माझं खरंच होतं की! गोळ्या डब्यात कोंबून झाकण घट्ट लावलं.

आठवड्यानं अण्णा बांधावर भेटले.

"रोज बघायलोय, पिशवीत एक बी पाखरू न्हाई. औंदा फवारायची गरज न्हाई. तू बी उगं औषध आणू नको."

टोपी उचलून आत बघायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. गोळ्यांचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं, पण भांडण होईल म्हणून गिळलं. सकाळी मी माझ्यापुरती फवारणी उरकून घेतली.

काढणीच्या वेळी अण्णांच्या शेंगा भोकाभोकाच्या निघाल्या. मूठभर शेंगा हातात चुरडत ते म्हणाले, "मधोमध लावायचं हुतं बघ सापळं. तुला बी पाखराचं कळावं म्हणून बांधावर लावलो."

मला माझीच किळस आली. घरी जाऊन डबा आणला, त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी झाकण उघडलं, बघितलं, पुन्हा लावलं.

पुढच्या साली त्यांनी सापळे रोवले, ते स्वतःच्या रानात, मधोमध.