संबोधी जे बोललीच नव्हती

इंदूरहून पीथमपूरला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये संबोधीची जागा ठरलेली होती, आणि तिची मतंही. पॅकिंग मशीन बनवणाऱ्या कारखान्यात ती इंजिनीअर. आजोबा पलटणीतून निवृत्त होऊन महूतच राहिलेले, वडील आनंदराव पोस्टात होते, आई मंजुळा इंदूरच्या शाळेत शिकवायची. घरातले सगळे मोजकं बोलणारे. ही एकटीच अशी, की कशावरही मत विचारा, चहा गार व्हायच्या आत मिळणार.

म्हणूनच मार्केटिंगचा निखिल कंपनीच्या पेजसाठी व्हिडिओ मुलाखत घ्यायला कँटीनमध्ये आला, तेव्हा सगळ्यांनी हिच्याकडे बोट दाखवलं. तो मुलाखतीपुरतं हिंदीत विचारत होता, ही सवयीनं अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत होती.

"काम?"

"आठ तासांचं बरं. त्यापुढे जो रोज थांबतो, त्याला एकतर काम येत नाही, नाहीतर घर आवडत नाही."

कँटीन खदखदून हसलं.

"टेक्नॉलॉजी?"

"त्यात घाबरायचं काय? मी तर ईमेलपण एआयकडूनच लिहून घेते. मला कंटाळा येतो, त्याला येत नाही. बात खतम."

"आणि एंटरटेनमेंट?"

"डब केलेले मारामारीचे पिक्चर. हिरो एका लाथेत जीप उडवतो. फिजिक्सचा सत्यानाश होतो, पण डोकं हलकं होतं, भिया," ती इंदुरी थाटात म्हणाली.

निखिल खूश होऊन गेला. संबोधी सगळं विसरूनही गेली.

काही आठवड्यांनी ती गेटवर बसमधून उतरली, तर रोज हात उंचावणाऱ्या कैलाशनं तोंड फिरवलं. कैलाश फिटर होता, बेटमा गावाहून मोटरसायकलनं यायचा. तिनं हाक मारली तेव्हा त्यानं फोन पुढे धरला.

फोनमध्ये संबोधी होती. मुलाखतीच्या दिवशीचाच मोहरी रंगाचा कुर्ता, तेच कँटीनचं टेबल, बोलताना केस कानामागे सारायची तीच लकब. आणि ती संबोधी स्वच्छ हिंदीत सांगत होती, "काम मेरे लिए आठ घंटे का नहीं है. ये कंपनी मेरा घर है. संडे को भी बुलाओ, मैं हँसते-हँसते आती हूँ."

पहिल्यांदा खऱ्या संबोधीला वाटलं, आपण बोललो असू. खरंच वाटलं. चोरी झाल्यावर माणूस पुन्हापुन्हा खिसा चाचपतो, तशी ती आपली आठवण चाचपत राहिली. ओठ हलत होते ते तिचेच होते. आवाज तिचाच होता. शेवटचं हसूसुद्धा.

"कल सुपरवायझर साहब ने सबको दिखाया," कैलाश म्हणाला. "बोले, मॅडम आ सकती हैं तो तुमको क्या तकलीफ है? अब संडे की भी शिफ्ट लगेगी. दीदी, मेरी बच्ची मुझे संडे को ही तो जागती मिलती है."

ती तडक निखिलच्या टेबलाशी गेली. तो दचकला, पण शरमला नाही. "अगं, वरच्यांना तुझं आठ तासवालं आवडलं नाही. मग एआयनं थोडं पॉलिश केलं. आवाज तर तुझाच आहे ना?"

"शब्द?"

"शब्द कोण ऐकतं, यार. व्हिडिओ उतरवायचा तर मोठ्या साहेबांना सांग." आणि मग, अगदी सहज, "तूच म्हणाली होतीस ना, घाबरायचं काय त्यात?"



संध्याकाळी घरी आली, तर आई दारातच हसत उभी. "किती छान बोललीस गं! हिंदी पण सुधारली तुझी. महूच्या सगळ्या नातेवाइकांना व्हिडिओ पाठवला मी."

"आई, ती मी नाही."

"म्हणजे?"

"मशीननं बनवलंय. मी असं बोललेच नाही."

मंजुळाबाईंनी चष्मा लावून व्हिडिओ पुन्हा पाहिला. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. मग मुलीकडे पाहिलं, परत फोनकडे. त्यांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "अहो, ऐकलंत का? मी हिला जन्म दिला आणि मला कळलं नाही."

आनंदराव उठून मुलीच्या शेजारी येऊन बसले.

तोवर संबोधीला राग येत होता. आता भीती वाटली. जी बाई तिच्या पावलांच्या आवाजावरून तिचा मूड ओळखायची, ती फसली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं साहेबांना व्हिडिओ उतरवा म्हणून ईमेल लिहिला. स्वतः, कंटाळा करायला फुरसत नव्हती. मग स्वतःचं खरं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून कैलाशला दाखवलं. त्यानं नीट बघितलं आणि विचारलं, "दीदी, बुरा मत मानना. ये वाली असली है, ये कैसे मानें?"

पुन्हा तिला धक्का बसला, कारण त्याचं चुकलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ती कँटीनमध्ये खुर्चीवर चढून उभी राहिली. हिंदीत मराठी घुसत होती. "मी रविवारी येत नाही. कधी आले नाही. वो व्हिडिओ में मैं नहीं हूँ, आणि माझ्या नावानं कुणी तुमचा रविवार मागितला, तर देऊ नका." कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण कैलाश जागेवरून उठला आणि तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. मग फिटरांची अख्खी ओळ उठली.

साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं, बरंच सुनावलं. पण व्हिडिओ पेजवरून उतरला, आणि रविवारची शिफ्ट ज्याला यायचं त्याच्यापुरती राहिली. निखिल तिच्याशी बोलेनासा झाला.

घरी मंजुळाबाई नातेवाइकांना एकेक करून फोन लावत होत्या. महूची वसुधाआत्या फोनवर आली, तशी संबोधीनं फोन स्वतःकडे घेतला आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. आत्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं बाई, नसशील बोलली," आत्या म्हणाली. "पण बोललीस छान."